रात्री त्याचं नाव घेत नाहीत

पत्राचा सारांश: बेळगावचा एक तरुण वाचक उद्यमबागेत नोकरी करतो. दर रविवारी संध्याकाळी टिळकवाडीतल्या मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत तो डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळवतो: प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत मिळून गोष्ट रचायची, असा खेळ. खेळणारे सहाजण, त्यातले चौघं घरी मराठी बोलतात, दोघं कन्नड. खेळाचं जग त्यानं स्वतः रचलं आहे: घाट, देवराया, पडके किल्ले, दोन भाषांचा मुलूख. दीड वर्षात पात्रं पाचव्या लेव्हलला पोचली. आता त्याला ड्रॅगन आणायचे आहेत, तेही गोतावळ्यासकट: कोबोल्ड (बुटके, सरड्यासारखे), वायव्हर्न, ड्रेक (ड्रॅगनचे छोटे नातलग), ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनसारखी दिसणारी माणसं), ड्रॅगन-कासव. वंशावळीची चौदा पानं लिहून झाली आहेत. पण गटातली एक मैत्रीण म्हणते, सह्याद्रीसारख्या जगात ड्रॅगन उपरा वाटतो, त्यापेक्षा नाग घे. दुसरा मित्र, ज्याच्या घरी नागाची पूजा असते, तो म्हणतो, नागावर तलवार चालवायची असेल तर मी त्या रविवारी येणार नाही. वाचक विचारतो: 'ताई, हे सगळं एका जगात बसवू कसं? की ड्रॅगनचा नादच सोडू?'

प्रिय मित्रा,

पत्रासोबत पाठवलेली चौदाही पानं मी दोनदा वाचली. पहिल्या ड्रॅगनपासून कोबोल्डांच्या शेवटच्या कुळापर्यंत कुठं सांधा निखळलेला नाही. इतकं जीव लावून केलेलं काम तूर्त कपाटात ठेव असं सांगायला मला जड जातंय. पण एक विचारते. तुझ्या जगात ही पानं कुणी वाचली आहेत? घाटाखालच्या गावात पहाटे चारला उठून पाणी भरणाऱ्या बाईला यातलं काय ठाऊक आहे?

'बसवायचं' म्हणजे कोण कुणाचा मुलगा आणि कुणाचं रक्त कुणात उतरलं ते ठरवायचं, असं तू धरून चालला आहेस. मला ते पटत नाही. वाघ आणि मांजर एका कुळातले, हे खानापूरच्या जंगलाकडेच्या गुराख्याला कुणी सांगितलेलं नसतं, तरी वाघ त्याच्या जगात पक्का बसलेला असतो. कारण वाघामुळं तो गुरं कधी परत आणायची ते ठरवतो, कुठल्या ओहोळाला एकटं जायचं नाही ते पोरांना शिकवतो.

माझं लहानपण खानापुरात गेलं. श्रावणातली एक रात्र अजून डोळ्यांपुढं आहे. वीज गेलेली, पडवीत कंदील, आम्ही पोरं पाय खाली सोडून बसलेलो. चुलत बहीण एकदम किंचाळली, 'साप!' आजीनं तिच्या तोंडावर पालथा हात ठेवला. 'रात्रीचं नाव घेऊ नये. लांबडं म्हण.' मग तिनं काठी तीनदा जमिनीवर आपटली आणि अंधाराकडं बघून म्हणाली, 'जा बाबा तुझ्या वाटेनं.' त्यानंतर बराच वेळ कुणी पाय खाली सोडले नाहीत. मला ते लांबडं दिसलं नाही, ना रंग कळला ना जात. तरी चाळीस वर्षांनंतर आजही अंधारात पायरी उतरताना माझं पाऊल आधी थबकतं.

तुझा ड्रॅगन असा बसला पाहिजे. म्हणून पहिली गोष्ट ही कर: तुझ्या जगात 'ड्रॅगन' हा शब्द कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नकोस. तू आणि खेळणारे टेबलाभोवती खुशाल ड्रॅगन म्हणा. गावकऱ्यांनी म्हणायचं नाही. आपल्याकडं वाघाचा वाघोबा होतो, सापाचं जनावर होतं, तसं घाटावरच्या गावात त्याला 'थोरला' म्हणू देत. 'थोरला कूस बदलतोय', 'थोरल्याच्या वाटेला जाऊ नका'. तुझ्या खेळाडूंना दोन-तीन रविवार वाटत राहील की ही कुणा पाटलाच्या थोरल्या भावाची गोष्ट चालली आहे. वाटू दे.

आता उपरेपणाचं बघू. तुझी मैत्रीण म्हणते त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. पंखांचा, चार पायांचा, आग ओकणारा ड्रॅगन युरोपातून आला आणि 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ छापला गेला तेव्हा थेट नावातच जाऊन बसला. मात्र त्या प्राण्याचा जो गाभा आहे, तो आपल्याला नवा नाही. ऋग्वेदातला वृत्र आठव. त्याला 'अहि' म्हणजे सापच म्हटलंय. तो डोंगरात पाणी अडवून पडला आहे आणि इंद्राच्या वज्रानं तो मेल्यावर नद्या हंबरत धावणाऱ्या गाईंसारख्या सुटतात. दुसरं, ड्रॅगनचा सोन्याचा ढीग. नॉर्स कथांतला फाफनीर सोन्याच्या हव्यासापोटी ड्रॅगन होऊन त्या धनावर बसतो. आपल्याकडं कंजूष माणूस मेल्यावर नाग होऊन पुरलेल्या हंड्यावर बसतो, ही गोष्ट तर कुठल्याही गावातली आजी सांगेल. पाणी अडवणारा आणि धनावर बसणारा, हे दोघं आपल्या ओळखीचे आहेत. पंख नवे आहेत, तेवढे ठेव.

पण म्हणून ड्रॅगनचं नाव खोडून तिथं नाग लिहायचं, हे मात्र करू नकोस. इथं मी तुझ्या दुसऱ्या मित्राच्या बाजूची आहे, पूर्णपणे. नागपंचमीला आपल्या घरांत चिरायचं-कापायचं नाही, तवा चढवायचा नाही, शेतात नांगर घालायचा नाही, म्हणून उकडलेले दिंड करतात. कन्नड घरांतही ती पंचमी मोठी असते, झोके बांधले जातात. ज्याच्या घरी हे चालतं, त्याला रविवारी संध्याकाळी नागाच्या अंगावर फासे टाकायला लावणं बरं नाही. त्याला पटवायला जाऊ नकोस. पुढच्या खेळाआधी त्याला चहाला बोलाव आणि सांग की या जगात नाग मारले जाणार नाहीत. एवढं पुरे. तसंही खेळाच्या नियमांत नाग ड्रॅगनांच्या गोतात येत नाहीत. त्यांचा वर्ग वेगळा आहे आणि त्यांच्यातला राखणदार नाग सज्जनच असतो, पवित्र जागा आणि विद्या सांभाळणारा. तुझ्या देवराईत एक तसा असू दे. थोरल्याबद्दल खरं बोलणारा सबंध मुलुखात तोच एक.

त्या पंचमीवरून मला एक सुचलं, ते तू हवं तर घे. गावात वर्षातला एक दिवस असा असू दे की त्या दिवशी चूल पेटत नाही, लोखंडाला हात लावत नाहीत. का, ते कुणी सांगत नाही. आणि नेमक्या त्याच दिवशी तुझी सहा पात्रं कमरेला तलवारी लटकवून वेशीतून आत शिरतात.

आता जागा. तू नकाशावर ड्रॅगनसाठी एक ज्वालामुखी काढला आहेस. तो पूस. आपल्याला त्याहून चांगली जागा माहीत आहे. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाऊन कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. त्याच खानापूर तालुक्यात म्हादई उगवते आणि पश्चिमेला गोव्यात उतरून समुद्राला जाते. एकाच डोंगररांगेवर पडलेला पाऊस, कुठल्या उतारावर पडला त्यावर ठरतं की तो बंगालच्या उपसागराला जायचा की अरबी समुद्राला. त्या धारेवर ड्रॅगन आडवा पडलेला आहे, अशी कल्पना कर. त्यानं कूस बदलली की पाणी कुणाकडं वळेल?

नियमांचं पुस्तक इथं तुला मदत करतं आणि बहुतेक डीएम, म्हणजे तुझ्यासारखे खेळ चालवणारे, ते पान उलटून पुढं जातात, याचं मला वाईट वाटतं. पाचव्या आवृत्तीच्या 2014च्या पुस्तकात प्रत्येक मोठ्या ड्रॅगनच्या गुहेभोवतालच्या मुलखावर काय परिणाम होतात ते दिलंय. तांबड्या ड्रॅगनच्या गुहेपासून सहा मैलांपर्यंत, म्हणजे साडेनऊ-दहा किलोमीटर, जमिनीला बारीक हादरे बसत राहतात. एक मैलाच्या आतलं पाणी कोमट होतं आणि त्याला गंधकाचा वास येतो. या दोन ओळींतून अख्खं गाव उभं राहतं. हादरे बसतात, म्हणून तिथल्या एकाही घरात उतरंड नाही. सगळी मडकी जमिनीवर, एकेकटी, राखेच्या चुंबळीवर. खेळाडूंना फक्त सांग: 'स्वयंपाकघरात मडकी भुईवर मांडलेली आहेत.' कुणीतरी विचारेलच, का. पाणी कोमट, म्हणून गुडघेदुखीचे म्हातारे लांबून बैलगाडीनं तिथं अंघोळीला येतात आणि गावाचं पोट त्यावर चालतं. त्या गावाला थोरला हवा आहे.

खालच्या उतारावरच्या कन्नड बोलणाऱ्या गावात दुसरीच गोष्ट. तिथली नदी गेल्या काही पिढ्यांत बारीक होत गेली. ते त्याला 'नीरुगळ्ळ' म्हणतात, पाणीचोर. वरच्या गावाला तो आजोबासारखा, खालच्याला चोर. खेळाडूंना आधी हे दोन वेगळे प्राणी वाटले पाहिजेत. तुझ्या टेबलावर दोन्ही भाषा आहेत, हे तुझं भाग्य आहे. वरच्या गावातला म्हातारा आपल्या बेळगावी बोलीत 'काय करूलालास रे?' असं विचारू दे आणि खालच्या गावातल्या बाईचं कन्नड त्या दोन मित्रांकडून बोलून घे, त्यांना आधी सांगून ठेव. दोन्ही गोष्टी एकाच्याच आहेत हे जेव्हा उमगेल तेव्हा ते तू सांगितलेलं नसेल, त्यांनी आपापसात जुळवलेलं असेल. सीमाभागात आपण एकाच गावाची दोन नावं ऐकत मोठे झालो. कधी त्यावरून भांडलोही. खेळात तीच गोष्ट त्या सहाजणांना एकमेकांकडं वळून विचारायला लावेल.

त्याच पुस्तकात आणखी एक बारीक नियम आहे: ड्रॅगन मेला की हे परिणाम एक ते दहा दिवसांत ओसरतात. म्हणजे त्याला मारलं तर खाली पाणी सुटेल आणि वरच्या गावाचं कोमट कुंड थंड पडेल. मारायचं की नाही, हा प्रश्न आता फाशांचा राहिला नाही. हे भांडण तुझ्या खेळाडूंनाच सोडवू दे, तू उत्तर आधी ठरवून ठेवू नकोस.

गोतावळ्याचं काय? पाचही नकोत. मी तीनच ठेवले असते आणि ते थोरल्याच्या आसपास काय करून जगतात यावरून निवडले असते.

कोबोल्ड घे. ते भुयारं खणतात, सापळे लावतात, ड्रॅगनला देव मानतात, उन्हात त्यांना नीट दिसत नाही. म्हणून ते गावात रात्रीच येतात, गंधकाची ढेकळं ठेवून पीठ-मीठ घेऊन जातात. गावकरी त्यांना 'पोरं' म्हणतात. 'काल पोरं येऊन गेली, अंगणातलं पीठ नेलं.' हे ऐकून तुझे खेळाडू गावातल्या मुलांची चौकशी करत बसतील.

वायव्हर्न घे, पण त्याला ड्रॅगनचा धाकटा भाऊ करू नकोस. त्याला दोनच पाय, आग नाही, शेपटीत विष. ते गवळी-धनगरांच्या बाजूनं दाखव. म्हशी वाघापुढं घोळका करून रेडकं मधे घेतात. पण वरून झडप घालणाऱ्यापुढं तो घोळका कुचकामी. म्हणून तुझ्या जगातले गवळी उघड्या सड्यावर कधीच चारत नाहीत, कितीही गवत असलं तरी. हिरवागार सडा आणि त्यावर एकही जनावर नाही, एवढं वर्णन कर आणि थांब.

तिसरा तुझ्या यादीत नाही, पण माझ्या आवडीचा, स्यूडोड्रॅगन, मांजराएवढा, माणसाच्या मनाशी बोलणारा. चोर्ला घाट उतरून सत्तरीत माझ्या मावशीचं कुळागर होतं. तिथं पोफळीच्या खोडाला टेकून मी उभी होते आणि कानाजवळची साल हलली. सालीच्याच रंगाचा, वीतभर सरडा. त्यानं गळ्याखालचा पिवळा पडदा दोनदा बाहेर काढला, आत घेतला. मग बरगड्यांवरची कातडी पंख्यासारखी उघडली आणि समोरच्या पोफळीवर तरंगत गेला, एवढंही न हलता. हा उडता सरडा आपल्या पश्चिम घाटातलाच, आणि शास्त्रज्ञांनी त्याच्या वंशाला दिलेलं नाव आहे ड्रॅको. ड्रॅगन. मैत्रिणीला हे नक्की सांग. तुझ्या जगातला छोटा ड्रॅगन तसाच दिसू दे, सालीसारखा, पिवळ्या गळ्याचा. पोफळीच्या बागेत काम करणाऱ्या मुलीच्या खांद्यावर बसलेला.

ड्रेक सध्या वगळ. ड्रॅगनबॉर्न कुणा खेळाडूला स्वतःला व्हायचं असेल तरच आण. कासवासाठी समुद्र लागतो आणि तुझा नकाशा घाटातच संपतो. पुढं कधी किनाऱ्याला उतरलास तर त्याला मकर कर, जुन्या देवळांच्या तोरणांवर असतो तसा, सोंडेचा.

आता लढाईचं थोडं, कारण इथं चूक झाली तर दीड वर्षांची पात्रं एका फेरीत जातील. तरुण तांबड्या ड्रॅगनची आगीची फुंकर सहा बाजूंच्या 16 फाशांची, सरासरी इजा 56. तुझ्या पाचव्या लेव्हलच्या विझार्डचे, म्हणजे जादूगाराचे, हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) तीस-बत्तीस असतील. एक वाईट सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा वाईट पडला, आणि तो जमिनीवर. प्रौढ ड्रॅगनची तर गोष्टच नको. म्हणून थोरला आत्ता समोर येऊच नये. त्याचं पिल्लू चालेल: 75 हिट पॉइंट, फुंकरीची सरासरी 24, पल्ला पंधरा फूट. त्याच्यासोबत दहाबारा कोबोल्ड दे. प्रत्येकाला पाचच हिट पॉइंट, पण शेजारी सोबती असला की त्यांना ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेता येतो. एकटा राक्षस सहाजणांपुढं केविलवाणा होतो, कारण ते सहा वेळा मारतात आणि तो एकदा. मोठ्या ड्रॅगनला त्यासाठीच लेजेंडरी ॲक्शन, म्हणजे इतरांच्या पाळीनंतरच्या जादा चाली, दिलेल्या असतात, पिल्लाला नसतात. ती उणीव कोबोल्ड भरतात. वायव्हर्न गटाला झेपेल, पण नांगीचं विष 7 फाशांचं आहे, हे विसरू नकोस. हे आकडे मोफत मिळतात. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच जानेवारी 2023 पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, महागडं पुस्तक लगेच घ्यायची गरज नाही. फक्त मुलखावरच्या परिणामांचा भाग त्यात नाही, तो कुणाच्या तरी पुस्तकातून वाचून घे.

हे वाचणाऱ्या इतरांनाही सांगते, घाटच हवा असं नाही. गोकाकच्या 170 फुटी धबधब्यासारखी दरी तुमच्या जगात असेल तर तिथं निळा ड्रॅगन ठेवा, त्याच्याभोवती सहा मैल वादळं घोंगावतात, मग तिथले लोक घराच्या कौलांवर काय ठेवतात ते ठरवा. निपाणीसारखा तंबाखूचा मुलूख असेल आणि जवळ दलदल असेल तर काळा ठेवा. त्याच्या सहा मैलांत झाडोरा इतका माजतो की चालायला दुप्पट वेळ लागतो. बाजाराच्या दिवशी माल उशिरा पोचतो, भाव बदलतो, कुणीतरी कर्जात बुडतो. तिथून गोष्ट सुरू करा.

तुझी चौदा पानं फाडू नकोस. देवराईतला नाग म्हातारा आहे, त्याला ती वंशावळ ठाऊक असेल, आणि एखादा खेळाडू कधीतरी त्याच्यापाशी बसून विचारेल. तेव्हा त्यातलं एक पान वाच.

येत्या रविवारी मात्र एवढंच घेऊन जा: पहाट, घाटावरचं गाव, विहीर. एक मुलगी घागर ओढून काढते, बाहेर थंडी आहे आणि घागरीतून वाफ येते. ती पाण्यात बोट बुडवते, मान हलवते, घागर तशीच ओतून देते आणि रिकाम्या हातानं घराकडं पळत सुटते. तुझ्या सहाजणांपैकी कुणी तिच्यामागं गेलं, तर तिच्या घरात मडकी भुईवर मांडलेली आहेत आणि तिची आई सगळ्यांना ओटीवरून अंगणात यायला सांगते आहे.